अतिथी प्राध्यापकांचे वेतन

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची स्थापना १९४९ साली मुंबई राज्याच्या कायद्याने झाली. आरंभी त्याचा कारभार मुंबईहूनच चाले. पुढील वर्षी तो धारवाडास आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत धारवाड म्हैसूर राज्यात गेले. राज्य बदलले, परंतु शिक्षकांचे वेतन कोणी ठरवावयाचे आणि त्याचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न जागच्या जागी राहिला.

वेतनश्रेणी केंद्र सरकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समितीच्या सल्ल्याने ठरविते. ती स्वीकारणे मात्र राज्याच्या हाती असते. नवी श्रेणी आली की वाढीव खर्चाचा काही वाटा केंद्र काही काळ उचलते. २००६ च्या सुधारणेत हा वाटा ८० टक्के होता. २०१६ च्या सुधारणेत तो ५० टक्क्यांवर आला, आणि तोही मार्च २०१९ पर्यंतच. त्यानंतरचा सारा भार राज्याच्या तिजोरीवर.

वेतनवाढीचे आकडे दिसतात तेवढे मोठे नसतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. २००६ च्या श्रेणीत नव्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन २१,६०० रुपये होते, ते २०१६ मध्ये ५७,७०० झाले. वरवर पाहता ही वाढ अडीच पटींहून अधिक. वस्तुतः २१,६०० वर १२५ टक्के महागाईभत्ता मिळून ४८,६०० रुपये त्याच्या हाती येतच होते. म्हणजे खरी वाढ ९,१०० रुपयांची, सुमारे १९ टक्क्यांची. आणि तीही दहा वर्षांनी. तथापि ज्यास ती मिळाली, तो भाग्यवानच म्हणावयाचा.

कारण हुबळी-धारवाडसह साऱ्या कर्नाटकातील सरकारी प्रथम श्रेणी महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार ‘अतिथी’ प्राध्यापक वाहतात. जानेवारी २०२२ पूर्वी त्यांस महिना ११,००० ते १३,००० रुपये मिळत. दीर्घ आंदोलनानंतर ही रक्कम पात्रता व अनुभव पाहून २६,००० ते ३२,००० करण्यात आली. वाढ दुपटीहून अधिक, हे मान्यच केले पाहिजे. पण मुळात आकडाच एवढा लहान होता की दुप्पट होऊनही तो नियमित शिक्षकाच्या नुसत्या मूळ वेतनाच्या जवळपास अर्ध्यावरच थांबला.

या भेदाचे मूळ एका शब्दात आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार कंत्राटी शिक्षकाचे मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनाहून कमी असता कामा नये, आणि अशा नेमणुका एकूण जागांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. नियम चोख आहे. पण त्याच माणसास ‘कंत्राटी’ न म्हणता ‘अतिथी’ म्हटले की हा नियम त्यास लागू होत नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असे आपण मानतो; येथे तर पंधरा-पंधरा वर्षे त्याच वर्गात शिकविणारे अतिथी आहेत, आणि अनिश्चित आहे ती त्यांच्या जाण्याची तिथी.

आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी व्याख्यानास १,५०० रुपये हा दर सुचविला, परंतु महिन्यास ५०,००० ची मर्यादा घातली. तेहतीस व्याख्याने झाली की ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. नियमित सहायक प्राध्यापकास आठवड्यास सोळा तास अध्यापन नेमून दिलेले असते. तेवढेच काम अतिथीने केले, तर दोन आठवडे उलटताच त्याचे पुढील अध्यापन विनामोबदला ठरते. सुटीत वर्ग नसतात, तेव्हा व्याख्यानेही नसतात आणि पैसाही नसतो. महागाईभत्ता वा वार्षिक वेतनवाढ यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

तेव्हा वेतनाचा फेरविचार करावयाचा तर केवळ वरच्या श्रेणीचे आकडे वाढवून भागणार नाही. जो वर्षभर नियमित शिक्षकाएवढे तास घेतो, त्यास कोणत्याही नावाने नेमले असले तरी २०१८ चा तो कंत्राटी नियम लागू करावा, आणि रिकाम्या जागा भरण्याची तारीख सरकारने वेतनाच्या आदेशातच नमूद करावी. खर्च वाढेल, हे खरे. म्हणूनच केंद्राच्या साहाय्याची मुदत संपण्यापूर्वी, नव्हे श्रेणी जाहीर होतानाच, त्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.