सुशी फसली ती भातात

आजच्या एपिसोडच्या नावात सुशी आहे, पण पुढची दहा मिनिटं मी मुख्यतः भाताबद्दल बोलणार आहे. सुशी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर कच्चा मासा येतो. आणि सुशी आवडली नाही की दोष जातो माशाला, नाहीतर स्वतःला. "आपली जीभ गावाकडची, आपल्याला हे कळायचं नाही." आंबेगाव-जुन्नरकडून पुण्यात नोकरीला आलेल्या माझ्या निम्म्या मित्रांनी हे वाक्य कधी ना कधी म्हटलंय. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. भात खाऊन वाढलेल्या माणसाला वाईट सुशी सगळ्यात आधी कळते.

झालं असं की मागच्या महिन्यात आई घोडेगावहून आली होती, सोबत चुलतभाऊ. त्याने रील्समध्ये बघून सुशीचा हट्ट धरला. आम्ही पुण्यातल्या एका साध्याशा, कॅज्युअल म्हणतात तशा ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका हॉटेलचा नाहीच. मंगळवारची रात्र, चार टेबलं भरलेली. आम्ही काकडीचा रोल, तळलेल्या कोळंबीचा रोल आणि सामनची एक प्लेट मागवली. आईने काकडीचा एक तुकडा उचलला, खाल्ला, दुसऱ्यातली दोन शितं काढून बोटात दाबली आणि म्हणाली, "हा भात आत्ताचा नाही रे. फ्रिजमधला आहे. दाबला की मोडतोय, चिकटत नाही."

भाऊ सगळं सोया सॉसमध्ये बुडवून संपवत होता. मी एक घास नुसता खाल्ला आणि आईचं पटलं. बाहेरून रोल देखणा, आत गार, कोरडे, खडबडीत दाणे. आंबटपणा जवळजवळ नाहीच. बिल २,३४० रुपये. परत येताना भाऊ म्हणाला, "दादा, आपल्याला नाही झेपत हे." तिथेच मला हा एपिसोड सुचला.

आता आईच्या बोटांबद्दल थोडं. तिचं माहेर डिंभे धरणाच्या वर, आहुपे खोऱ्याच्या बाजूला. मंचर-नारायणगावकडून येणाऱ्यांना आपला भाग म्हणजे टोमॅटो, कांदा आणि ऊस वाटतो. पण आंबेगाव आणि जुन्नरचा पश्चिम पट्टा भाताचा आहे. तिथे डोंगरउतारावर दगडांचे बांध घालून खाचरं तयार करतात, त्याला पडकई म्हणतात. एका घराचं हे काम नव्हे. आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या, असं सगळे मिळून करतात. याच भागात आदिवासींसोबत पडकई आणि जलाशयातल्या मासेमारीचं काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं होतं. असं खाचर बांधून, राब भाजून, पावसात लावणी करून जे पीक येतं, त्याचा भात किती वेळापूर्वी शिजला हे त्या घरातल्या बाईला शितावरून कळणारच.

मग फ्रिजमध्ये भाताचं नेमकं होतं काय?

तांदळात मुख्यतः स्टार्च असतो आणि तो दोन प्रकारचा. अमायलोज म्हणजे लांब, बऱ्यापैकी सरळ साखळ्या. अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेल्या साखळ्या. अमायलोज जास्त असलेला भात मोकळा होतो. कमी असेल तर चिकट होतो. सुशीसाठी वापरतात त्या आखूड दाण्याच्या जपानी तांदळात अमायलोज साधारण १५ ते २० टक्के असतं. तांदूळ शिजताना या साखळ्या सुटतात, पाणी धरून ठेवतात आणि दाणा मऊ होतो. भात गार होऊ लागला की साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून रांगेत बसायला लागतात, धरलेलं पाणी सुटतं आणि दाणा कडक होतो. ही क्रिया सगळ्यात जोरात होते ती शून्याच्या जरा वर, म्हणजे आपल्या फ्रिजचं जे तापमान असतं, चार अंशांच्या आसपास, तिथेच. फ्रीझरमध्ये उलट ती जवळपास थांबते. माझ्या धंद्यातल्यांना सांगायचं तर फ्रिजमधला भात म्हणजे शिळा कॅश. दिसायला डेटा तोच, पण आतून जुना.

हे तुम्हाला माहीत आहेच, फक्त नाव माहीत नसेल. फोडणीचा भात रात्रीच्या भाताचा चांगला होतो तो याच कारणाने. दाणा कडक झालेला असतो, त्यामुळे परतताना गोळा होत नाही, आणि गरम केल्यावर पुन्हा मऊही होतो. सुशीत मात्र तो पुन्हा गरम करायची सोय नाही. तिथे भात हाताच्या उबेइतका कोमट असावा लागतो, दाणे एकमेकांना धरून राहावेत आणि तोंडात गेल्यावर सुटावेत. फोडणीच्या भातात जो गुण, तोच सुशीत दोष.

मग हॉटेलवाले भात फ्रिजमध्ये ठेवतातच का? नुसता शिजवलेला भात तासन् तास बाहेर ठेवला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि मग उलट्या-जुलाब. यावर जपानी स्वयंपाकातला उपाय म्हणजे व्हिनेगर. भाताचा पीएच ४.६ च्या खाली नेला की ही वाढ रोखली जाते, आणि तो काही तास बाहेर राहू शकतो. म्हणजे सुशीतला आंबटपणा चवीचा नखरा नाही, फ्रिज टाळायची युक्ती आहे. आपल्याकडे गिऱ्हाइकाला आंबट भात आवडणार नाही म्हणून व्हिनेगर कमी घालायचं, आणि व्हिनेगर कमी म्हणून भात फ्रिजमध्ये ठेवायचा, असं झालं की दोन्हीकडून नुकसान. आमच्या प्लेटमध्ये बहुधा हेच झालं होतं.

आंबटपणाची गोष्ट मात्र खूप जुनी आहे, आणि इथे ती थेट आपल्या खाचरांपाशी येते. 'सुशी' हा शब्दच मुळात आंबट या अर्थाचा. सुशीचं सगळ्यात जुनं रूप म्हणजे मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा. ही पद्धत आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशातून आली असं मानलं जातं. तिथेही भाताची खाचरं, नद्या-तळी, आणि मासा एकदम भरपूर मिळायचा तो ठरावीक मोसमातच. तो टिकवायला भात वापरायचे आणि शेवटी बराचसा भात फेकून द्यायचे. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी गोड्या पाण्यातल्या माशाची अशी सुशी आजही करतात. पुढे लोक भातही खायला लागले, आंबवायचा काळ कमी झाला आणि मग आंबवण्याऐवजी थेट व्हिनेगर आलं. हाताने दाबलेल्या भातावर माशाचा काप, ही आजची ओळखीची सुशी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १८२० च्या दशकात लोकप्रिय झाली. त्याचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. ते उभ्याउभ्या खायचं, रस्त्यावरचं खाणं होतं. वडापावच्या जवळचं. महागडं, गंभीर चेहऱ्याने खायचं प्रकरण ते नंतर झालं.

इथे भावाचा प्रश्न होता, मग डिंभ्यातला रोहू-कटला घेऊन आपणच सुशी का नाही करायची? नाही करायची, बरं का. गोड्या पाण्यातल्या माशात माणसाला बाधणारे परजीवी कृमी असू शकतात, म्हणून तो कच्चा खायचा नसतो. समुद्री माशातही असतात. त्यासाठी अमेरिकेच्या अन्न प्रशासनाच्या मार्गदर्शनात उणे २० अंशांवर सात दिवस गोठवण्याचा एक पर्याय दिलेला आहे. घरच्या फ्रीझरच्या भरवशावर हा प्रयोग करू नका. खुद्द जपानी लोकही सामन कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सामन तिथे नेऊन खपवला तेव्हापासून तो सुशीवर चढला. गोठवलेला मासा म्हणजे फसवणूक, असं म्हणणाऱ्या मित्राला हे ऐकवा.

'कॅज्युअल आणि स्वस्त म्हणून वाईट' हेही मला पटत नाही. १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं पहिलं हॉटेल काढलं. बिअरच्या कारखान्यातला पट्टा बघून त्यांना ती कल्पना सुचली होती. अशी स्वस्त हॉटेलं तिथे चालतात, कारण गर्दी असते, भात सतत लागतो, म्हणून सतत ताजा होतो. आपल्याकडे चार टेबलांसाठी संध्याकाळी तीनदा थोडा थोडा भात करणं मालकाला परवडत नाही. दुपारी एकदाच मोठा कुकर लावून मोकळं होणं सोपं. म्हणून जायचंच असेल तर शनिवारी रात्री, भरलेल्या हॉटेलात जा. आधी एकच साधा काकडीचा रोल मागवा आणि सॉस न लावता खा. भात गार लागला तर पुढची ऑर्डर देऊ नका. "भात कधी केलाय?" हे विचारायला लाजू नका. खानावळीत विचारतो ना? आणि ते हिरवं वसाबी झणझणीत नसेल किंवा जास्तच असेल तर त्यावरून काही ठरवू नका. जगात बहुतेक ठिकाणी ते हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतं.

घरी करून बघायचं असेल तर आपल्याकडचा इंद्रायणी बऱ्यापैकी चालतो. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आला. आंबेमोहराचा वारसा, म्हणून वास आहे, आणि शिजल्यावर चिकटतो. जपानी तांदळापेक्षा जरा जास्त मऊ होतो आणि सुवास वेगळा येतो, पण कालच्या भातापेक्षा कितीतरी चांगला. नवा तांदूळ असेल तर नेहमीपेक्षा पाणी कमी घाला, नाहीतर गुरगुट्या होईल. दोन वाट्या तांदळाला तीन मोठे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ. हे आधी विरघळवून घ्या आणि भात गरम असतानाच घाला. जपानी लोक यासाठी पसरट लाकडी भांडं वापरतात, कारण लाकूड जास्तीचा ओलावा शोषतं. कुणाच्या घरी भाकरीची लाकडी काथवट असेल तर तीच काढा. डावाने घोटू नका, उलथन्याच्या कडेने कापल्यासारखं हलवा, दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याने वारा घाला. कोमट झाला की ओलं फडकं झाका. मासा नको. काकडी, गाजर, ऑम्लेटची पट्टी पुरे. आणि समुद्री शेवाळाचा कागद अगदी शेवटी गुंडाळा. तो भाताची वाफ लगेच धरतो आणि दहा-पंधरा मिनिटांत चिवट होतो.