पावसाची साक्ष आणि साखळी-नोंदवही

पर्जन्यछायेच्या प्रदेशातील सोलापूर जिल्ह्याने डाळिंबाच्या बळावर अनेक माळरानांचे रूप पालटले. २००५ साली येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन लाभले. तथापि, बहराच्या वेळी आलेली एक अवकाळी सर तेल्या रोगास निमंत्रण देते व बागाईतदाराचे वर्षाचे गणित बिघडविते.

२०१६ मध्येच पुनर्रचित स्वरूपात सुरू झालेल्या हवामान आधारित पीक विमा योजनेत भरपाई मुख्यत्वे शेतावरील पाहणीवर नव्हे, तर नेमून दिलेल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. पाऊस वा तापमान ठरावीक मर्यादेबाहेर गेले की भरपाई देय होते. आकडा व अट असे हे स्वरूप असल्याने ‘ब्लॉकचेन’ या तंत्राचे एक महत्त्वाचे अंग समजून घेण्यास हे उदाहरण सोयीचे आहे. अर्थात, प्रस्तुत योजना ब्लॉकचेनवर चालत नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली साखळी-नोंदवही. यातील प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘इथेरियम’ या जाळ्यावर अटींसह करार लिहून ठेवता येतो. अट पुरी होताच तो आपोआप अंमलात येतो. परंतु सांगोल्यात पाऊस पडला किंवा नाही, हे करारास कळत नाही. प्रत्येक नोडने बाहेरून स्वतंत्रपणे माहिती आणली, तर उत्तरे भिन्न येतील आणि नोंदवहीचे एकमत मोडेल. म्हणून बाहेरील वार्ता साखळीत आणणारी वेगळी सेवा लागते. तिला ‘ओरॅकल’ म्हणतात. आपल्याकडे देवाला कौल लावून उत्तर घेतात, तोच या शब्दाचा मूळ भाव होय.

ही सेवा उभारण्याचा क्रम असा असतो. प्रथम अखंड वीज व इंटरनेट असलेला संगणक, माहितीसाठा आणि साखळीतील नोडशी जोडणी सिद्ध करावी लागते. नंतर नोंदीवर स्वाक्षरी करणारी गुप्त किल्ली निर्माण करून ती सुरक्षित ठेवावी लागते. त्यापुढे ‘अमुक केंद्राचा पाऊस आण, मिलिमीटरमध्ये मांड, करारास कळव’ असे कार्यपत्र लिहावे लागते. साखळीवरील ओरॅकल-करारात या नोडला अधिकृत करावे लागते आणि प्रत्येक नोंदीच्या शुल्काची तरतूद ठेवावी लागते. हे सर्व आधी चाचणी-जाळ्यावर तपासणे इष्ट असते.

एकाच पंचाच्या शब्दावर पंचनामा होत नाही. तद्वत एकाच नोडवर विसंबणे धोक्याचे आहे. २०१९ मध्ये इथेरियमवर कार्यान्वित झालेल्या ‘चेनलिंक’ जाळ्यात अनेक नोड आपापला आकडा कळवितात व त्यांतील मधला आकडा ग्राह्य धरला जातो. एखादा भलताच आकडा त्यामुळे आपोआप निष्प्रभ होतो. मात्र सर्व नोड एकाच पर्जन्यमापकाचा आकडा वाचत असतील, तर पंच अनेक असूनही साक्षीदार एकच उरतो.

भारत सरकारने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ हा ब्लॉकचेन तंत्रसंच सादर केला. अशा साधनांचा विचार करताना एक मर्यादा ध्यानी घ्यावी. साखळी लिहिलेली नोंद बदलू देत नाही. परंतु चुकीची नोंद बरोबरही करीत नाही. पर्जन्यमापक झाडाखाली असेल, तर तेथील चूकच कायमची होईल आणि तिचा भुर्दंड शेतकऱ्यास बसेल.

म्हणून ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या मंडळातील केंद्र पाहून यावे. झाड वा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर आहे काय, हे तपासावे व त्रुटी आढळल्यास कृषी विभागास लेखी कळवावे. शिक्षकांनी शाळेत पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांकडून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. ती नोंद विम्याच्या हिशेबात धरली जाणार नाही. पण केंद्राचा आकडा आणि गावचा पाऊस यांत अंतर पडल्यास ते प्रथम तिच्यातूनच दिसेल.