चोच पाण्यात शिरण्याआधी

भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावर हिवाळ्यात गर्दी जमते ती रोहित पक्ष्यांसाठी. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यात होडी शिरली की सगळे कॅमेरे दूरच्या गुलाबी थव्याकडे वळतात. काठालगत उथळ पाण्यात निश्चल उभ्या असलेल्या राखी बगळ्याकडे मात्र क्वचितच कोणी थांबून पाहते. हे मोठे नुकसान आहे. मासा कसा टिपला जातो हे इतक्या जवळून दाखवणारे पक्षी फार थोडे.

बगळा स्तब्ध असतो तेव्हा काहीच घडत नाही असे वाटते. खरे तर सगळ्यात अवघड काम तेव्हाच चालू असते. मासा जिथे दिसतो तिथे तो नसतोच. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, म्हणून मासा आहे त्याहून वर भासतो. थेट वरून पाहिले तरी खोली पाऊणपटच वाटते आणि नजर तिरकी झाली की फसगत आणखी वाढते. बगळा तर बहुतेकदा तिरकाच पाहतो.

गादी कात्झिर आणि नेथन इंट्रेटर यांनी १९८७ मध्ये याच कोड्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी निवडला समुद्र बगळा. आपल्या कोकण किनाऱ्यावरही तो दिसतो, कधी काळसर राखी तर कधी पांढराशुभ्र. चोच मारण्याच्या क्षणी डोके कुठे आहे, कोन किती आहे, हे त्यांनी चित्रफितींवरून मोजले. माशाची खरी खोली आणि भासणारी खोली यांत ठरावीक मेळ बसेल अशाच जागी बगळा आपले डोके आणत होता. नेम चुकला तेव्हा हा मेळ ढळलेला होता. म्हणजे त्या स्तब्धतेत पक्षी स्वतःला अचूक जागी आणून ठेवत असतो.

छायाचित्रकाराने शिकायचे ते इथेच. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका लांबट असतो. त्यामुळे मानेला तो ओळखीचा बाक येतो आणि मान क्षणात सरळ सुटते. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट दाबायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. चोच निघालेली दिसल्यावर बटण दाबणाऱ्याला बहुधा उडालेले पाणीच मिळते. शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवला आणि कॅमेरा सलग फ्रेम घेत असला, तरी आधीच्या खुणा वाचता आल्याच पाहिजेत. मान आखडते, छाती पाण्याकडे झुकते, डोके किंचित एका बाजूला कलते. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट ब्लू हेरॉनच्या अभ्यासात हे कलणे पाण्यावरची चकाकी टाळण्यासाठी असल्याचे दिसले होते.

नवशिक्यांनी राखी बगळ्याआधी लहान बगळ्याकडे वळावे. काळे पाय आणि पिवळी बोटे असलेला हा चपळ पक्षी पायाने चिखल ढवळून मासे उठवतो, पळतो, वळतो आणि पुन्हा पुन्हा चोच मारतो. त्याचा पांढरा रंग उन्हात जळून जातो आणि पिसांचा पोत नाहीसा होतो. म्हणून एक्सपोजर थोडे कमी ठेवावे, सकाळचे तिरपे ऊन गाठावे आणि कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीला आणावा.

कांदळवनात दिसणारा हिरवट पाठीचा छोटा बगळा तर त्याहून थक्क करतो. जपानमध्ये कुमामोतो इथे हिरोयोशी हिगुची यांनी या जातीचे पक्षी किडे, पावाचे तुकडे, काटक्या पाण्यावर टाकून माशांना जवळ बोलावताना पाहिले. त्यांचा लेख १९८६ मध्ये छापून आला. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांमध्ये हीच जात आहे. तेव्हा तिच्या चोचीत काटकी दिसली की घरट्याची सामग्री समजून कॅमेरा खाली ठेवू नये.

आमिष टाकायचे ते पक्ष्याने. हवा तसा फोटो मिळावा म्हणून माणसाने मासे फेकणे, किंवा अजून जवळ जायचे म्हणून होडी रेटून त्याला उडवणे, हे दोन्ही वाईट. उडालेल्या बगळ्याची अर्ध्या तासाची तयारी वाया गेलेली असू शकते. अनुभवी नावाडी इंजिन लांबच बंद करतात. त्यांचे ऐकावे.

मासा गिळून झाला की बहुतेक जण निघतात. थोडे थांबले तर पुढचे काम दिसते. बगळ्याच्या छातीवरची खास पिसे झिजून त्यांची बारीक भुकटी होते. माशाचा चिकटा लागलेल्या पिसांवर तो ती पसरतो आणि मग मधल्या बोटाच्या दातेरी नखाने सगळे विंचरून काढतो. त्या नखाची कड टिपायची तर हीच वेळ, कारण एरवी ते पाण्याखाली असते.