मोजणाऱ्यांचं दशक

२०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत अमेरिकेतल्या शेकडो संशोधकांच्या हाती जवळपास एकाच मजकुराची पत्रं पडली. ‘एनआयएच’ (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ) आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसा देणाऱ्या दोन मोठ्या सरकारी संस्थांनी त्यांची चालू अनुदानं मध्येच बंद केली होती. यातल्या कितीतरी कामांचा विषय वंश, अल्पसंख्याक समाज किंवा विषमता असा होता आणि तो नव्या सरकारला नको होता. मार्चमध्ये शिक्षण खात्यातली जवळजवळ निम्मी माणसं कमी झाली. ज्या विभागाची मुळं १८६७ पर्यंत जातात, तो देशभरच्या शाळांची आकडेवारी गोळा करणारा विभाग मोजक्या कर्मचाऱ्यांवर आला. जूनमध्ये बोस्टनचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी ‘एनआयएच’ची कारवाई बेकायदा ठरवली. न्यायासनावरच्या चाळीस वर्षांत वांशिक भेदभाव इतका उघड दिसणारं प्रकरण आपल्यापुढे आलं नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बहुतेक अनुदानांची कपात तूर्त चालू राहू दिली.

हे सारं घडलं ते नेमकं साठाव्या वर्षी. अमेरिकेतल्या समाजांची तुलना आज ज्या पद्धतीने होते, तिची सुरुवात १९६५ ची.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, एक नाव सोडून. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात राहून, घरोघर फिरून कृष्णवर्णीयांची माहिती गोळा केली आणि १८९९ मध्ये ग्रंथरूपाने छापली. गरिबीची कारणं स्वभावात शोधायची नाहीत, भाडं, पगार आणि बंद दरवाजे यांत शोधायची, ही शिस्त त्यांनी घालून दिली. ज्या विद्यापीठासाठी त्यांनी हे काम केलं, तिथे त्यांना शिकवायला वर्ग मात्र मिळाला नाही. याच ड्यू बॉईस यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

मार्च १९६५ मध्ये कामगार खात्यातले डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबावर अहवाल लिहिला. त्यात बेरोजगारीचे आकडे भरपूर होते, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते मोडलेल्या कुटुंबाचं चित्र. दहाच महिन्यांनी समाजशास्त्रज्ञ विल्यम पीटरसन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात जपानी अमेरिकनांचं कौतुक केलं. १९४२ पासून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं, तरी हा समाज पुन्हा उभा राहिला, असा त्या लेखाचा सूर होता. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून अनेकांनी तिसराच प्रश्न विचारला: त्यांना जमलं, मग यांना का जमू नये?

ऑक्टोबर १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. देशवार कोटा गेला. शिकलेले व्यावसायिक आणि आधीच तिथे असलेल्यांचे नातेवाईक यांना प्राधान्य आलं. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनियर त्यानंतर न्यू जर्सीत आणि शिकागोत दिसू लागले ते या कायद्यामुळे. त्यांच्या यशाचं श्रेय पुढे संस्कारांना दिलं गेलं. कायद्याचं नाव क्वचितच निघालं.

मॉयनिहन यांना वंशवादी ठरवणारी जी टीका झाली, तिचा एक परिणाम वाईट झाला. कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या बेकारीबद्दल आणि तुटलेल्या घरांबद्दल लिहिलं तर आपल्यालाही वंशवादी ठरवतील, या भीतीने पुरोगामी संशोधक गप्प बसले. विल्यम ज्यूलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये हे स्पष्ट शब्दांत मांडलं. विषय सोडून दिला म्हणून तो संपत नाही, दुसऱ्यांच्या हाती जातो. तसंच झालं.

मोजणीचं हे काम खरं बहरलं ते पुढच्या, नव्वदच्या दशकात.

१९९३ मध्ये डग्लस मॅसी आणि नॅन्सी डेंटन यांचं ‘अमेरिकन अपार्थाइड’ आलं. एखादा गट शहरात सारखा पसरायचा असेल तर त्यातल्या किती टक्के लोकांना घर बदलावं लागेल, हा त्यांचा मुख्य निर्देशांक. तो ६० च्या वर गेला की वस्त्यांची विभागणी तीव्र मानायची. १९९० मध्ये शिकागो आणि डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांसाठी तो ८० च्याही वर होता. लॅटिनो आणि आशियाई कुटुंबांची कमाई वाढली की ती गोऱ्यांच्या वस्तीत राहायला जात होती. कृष्णवर्णीय कुटुंब श्रीमंत झालं तरी वस्ती बहुतेक तीच राहत होती. यामागे कुणाची आवड नव्हती. १९३० च्या दशकापासून सरकारी गृहकर्ज योजनांनी नकाशांवर लाल रेघा मारून या वस्त्या वगळल्या होत्या, आणि घरांच्या दलालांनी त्या रेघा पुढेही पाळल्या. मेल्विन ऑलिव्हर आणि थॉमस शपिरो यांनी १९९५ मध्ये पुढचा हिशेब मांडला. मध्यमवर्गीय गोऱ्या माणसाच्या डॉलरमागे कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय ७० सेंट कमवत होता, पण त्याची मालमत्ता डॉलरला १५ सेंट एवढीच होती. ज्या देशात मध्यमवर्गाची संपत्ती म्हणजे घर, तिथे घर कुठे घेऊ दिलं यावर पुढच्या पिढीचं कॉलेज ठरत होतं.

आणि या दोन पुस्तकांच्या मध्ये, १९९४ च्या शरदात, ‘द बेल कर्व्ह’ आलं. रिचर्ड हर्नस्टीन आणि चार्ल्स मरी यांनी आठशेहून अधिक पानांत गरिबीचं मूळ बुद्ध्यांकात शोधलं आणि समाजासमाजांतल्या फरकात आनुवंशिकतेचाही वाटा असावा, असं सुचवलं. या पुस्तकाला जी प्रतिष्ठा मिळाली ती त्याने कमावलेली नव्हती. वंशशुद्धीच्या विचारातून १९३७ मध्ये निघालेल्या पायोनियर फंडाच्या पैशांवर काम केलेल्यांचे संदर्भ त्यात होते. ज्या चाचणीवर त्याचा डोलारा उभा होता ती सैन्यभरतीची चाचणी, आणि तिच्यात शाळेत काय शिकवलं याचा मोठा भाग होता. बर्कलीच्या सहा समाजशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये तीच आकडेवारी घेऊन गणितं पुन्हा केली. घर, शाळा आणि परिसर नीट धरले की गरिबीच्या बाबतीत बुद्ध्यांकाचं वजन बरंच उतरत होतं. मासिकांच्या मुखपृष्ठांवर मात्र पहिलं पुस्तक झळकलं होतं.

त्या दशकातलं सर्वात चिकाटीचं काम दोन शहरांत चाललं होतं. आलेहांद्रो पोर्तेस आणि रुबेन रुंबाउट यांनी १९९२ पासून मायामी परिसर आणि सॅन डिएगो इथल्या आठवी-नववीतल्या ५,००० हून अधिक मुलांना प्रश्न विचारले. सगळी स्थलांतरितांची मुलं, ७७ देशांतल्या आईबापांची. पुढे तीच मुलं गाठून पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. त्यातून दिसलं की ‘अमेरिकन होणं’ नावाची एकच वाट नसते. मायामीत क्यूबाहून आलेल्यांना सरकारने निर्वासित मानलं, मदत दिली, कर्जं दिली. हैतीहून बोटींतून निघालेल्यांना १९८१ पासून तटरक्षक दल समुद्रातच अडवत होतं. दोन्ही समाज समुद्र ओलांडून आलेले, दोन्ही कष्टाळू. स्वागत वेगळं झालं, आणि मुलांची आयुष्यंही वेगळी झाली.

मेरी वॉटर्स यांनी न्यूयॉर्कमधल्या वेस्ट इंडियन स्थलांतरितांवर लिहिलेलं पुस्तक १९९९ चं. गोरे व्यवस्थापक त्यांना अमेरिकन कृष्णवर्णीयांपेक्षा कामसू मानत, नोकरीत पसंती देत. कातडीचा रंग तोच असताना हा फरक पाहून कुणालाही संस्कृतीचा विजय जाहीर करावासा वाटला असता. वॉटर्स यांनी पुढची पिढी पाहिली. ज्या मुलांच्या बोलण्यातून बेटांचा हेल गेला, त्यांच्याकडे दुकानदार आणि पोलीस कोणत्याही काळ्या मुलाकडे पाहावं तसंच पाहत होते. हे पुस्तक आज किती कमी वाचलं जातं, याचं वाईट वाटतं.

चुकाही झाल्या. क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी १९९५ मध्ये दाखवलं की आपल्या गटाबद्दलच्या वाईट समजाची आठवण झाली तर परीक्षेतले गुण घसरतात. नंतरच्या पडताळण्यांत हा परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा आणि पक्का निघाला नाही. पण ही दुरुस्ती संशोधकांनीच केली, आणखी मोजून.

पुढची वर्षं भराभर सांगावीत. २००० च्या जनगणनेत पहिल्यांदाच एकाहून अधिक वंश नोंदवता आले आणि ६८ लाख लोकांनी ते नोंदवले. डेव्हा पेजर यांनी मिलवॉकीत तरुणांना नोकऱ्यांसाठी पाठवलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले: तुरुंगवासाची नोंद सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के ठिकाणी पुन्हा बोलावणं आलं, कसलाच गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयांना १४ टक्के ठिकाणी. २०१५ मध्ये जेनिफर ली आणि मिन झाऊ यांनी आशियाई यशाचं गूढ उकललं. अमेरिकेत आलेल्या चिन्यांपैकी निम्मे पदवीधर, खुद्द चीनमध्ये पदवीधर चार टक्के. भारतीयांवर संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी लिहिलं तेव्हा चाळणी तिहेरी निघाली: आधी भारतातली जात-वर्गाची उतरंड, मग प्रवेशपरीक्षा, मग अमेरिकेचा व्हिसा. तिन्हींतून उतरलेल्यांची तुलना जिथल्या तिथे जन्मलेल्या गरिबांशी करणं अन्यायाचं आहे.

तरी ती तुलना थांबली नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतल्या प्रवेशात वंशाचा विचार बंद केला, तेव्हा आशियाई मुलांवरचा अन्याय हाच दाव्याचा चेहरा होता. अनेक भारतीय घरांत, मराठी घरांतही, निकालाचं स्वागत झालं. याच भारतीयांना १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ‘गोरे नाहीत’ म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. १९७० च्या दशकात भारतीय संघटनांनी आपली वेगळी मोजणी व्हावी म्हणून पाठपुरावा केला, आणि १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. अमेरिकेत सर्वाधिक कौटुंबिक उत्पन्न भारतीयांचं, ही मराठी वर्तमानपत्रांत वारंवार येणारी बातमी त्या रकान्यातून निघते. २०२५ मध्ये अनुदानं बंद झाली तेव्हा ही बातमी अभिमानाने छापणाऱ्यांकडून निषेधाचा एक अग्रलेख यायला हवा होता.