एकट्याने सॉफ्टवेअर व्यवसाय : एआयमुळे काय सोपे झाले, काय नाही?

‘सहा महिन्यांत एकट्याने कंपनी उभारली आणि कोट्यवधींना विकली’ अशा बातम्या सध्या तरुणांच्या मोबाईलवर रोज फिरत आहेत. त्या वाचून काही जण हातची नोकरी सोडण्याच्या विचारात आहेत, तर काहींना हे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटते. आमच्या मते दोन्ही टोके चुकीची आहेत. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

सर्वाधिक चर्चा झाली ती इस्रायलच्या माओर श्लोमो यांची. त्यांनी बाहेरचे भांडवल न घेता ‘बेस४४’ हे सॉफ्टवेअर सुरू केले. साध्या भाषेत सांगितले की ते अ‍ॅप तयार करून देते. जून २०२५ मध्ये ‘विक्स’ने ते सुमारे ८ कोटी डॉलरना विकत घेतले. तेव्हा त्याचे वय जेमतेम सहा महिने होते आणि वापरणारे अडीच लाख.

पण बातमीच्या मथळ्यात दोन गोष्टी येत नाहीत. श्लोमो यांनी याआधी एक सॉफ्टवेअर कंपनी सहसंस्थापक म्हणून उभी केली होती. आणि विक्री झाली तेव्हा त्यांच्यासोबत आठ माणसे काम करत होती. म्हणजे सुरुवात एकट्याने झाली, पण ती शून्यातून झाली नव्हती.

मग बदलले काय? पूर्वी एखादे साधे अ‍ॅप करून घ्यायचे तर प्रोग्रामर, डिझायनर आणि काही लाख रुपये लागत. आज कर्सर, क्लॉड कोड, लव्हेबल यांसारखी साधने महिन्याला साधारण २० डॉलरपासून मिळतात. ज्याच्याकडे भांडवल नाही, ओळखीपाळखी नाहीत, त्याच्यासाठी ही मोठीच संधी आहे.

मात्र कोड स्वस्त झाला म्हणून ग्राहक स्वस्त झालेला नाही. आपल्या शहरांतील अभ्यासिकांचे उदाहरण घेऊ. कोणती जागा कोणाची, फी कोणाची थकली, हे अनेक ठिकाणी अजून वहीतच असते. यावर सॉफ्टवेअर करायचे असेल तर आधी संगणक उघडू नये. पाच अभ्यासिका चालकांकडे जाऊन बसावे, त्यांची वही पाहावी, त्यांचा खरा त्रास कोणता ते विचारावे. मग ते एका कागदावर लिहून काढावे आणि एआयला एकेक भाग करायला सांगावे : आधी नोंदी, मग फी, मग आठवण देणारा संदेश. प्रत्येक भाग स्वतः वापरून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एआय चुकीचा कोडही तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देते.

सर्वात मोठा धोका सुरक्षेचा आहे. जुलै २०२५ मध्ये ‘विझ’ या सुरक्षा कंपनीला खुद्द बेस४४ मध्येच अशी त्रुटी सापडली, की परवानगी नसलेल्यालाही खासगी अ‍ॅपमध्ये शिरता आले असते. ती २४ तासांत दुरुस्त झाली. अनुभवी माणसाकडून हे होते, तर नवख्याने किती जपायला हवे!

एक साधी चाचणी सांगतो. दोन वेगळी खाती उघडा. एका खात्यातून लॉगिन करून पत्त्यातील क्रमांक बदला आणि दुसऱ्याच्या नोंदी दिसतात का ते पाहा. दिसल्या तर सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देऊ नका. गुप्त चाव्या, म्हणजे एपीआय की, ब्राउझरमध्ये जाणाऱ्या कोडमध्ये ठेवू नका. डेटाचा बॅकअप घ्या आणि तो परत उतरवता येतो का, तेही तपासा. विद्यार्थ्यांचे फोन नंबर ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता हिशेब. दहा अभ्यासिकांनी महिना ३०० रुपये दिले तर ३,००० रुपये जमा होतात. एआय साधन, सर्व्हर आणि संदेशांचा खर्च वजा जाता हाती फारसे उरत नाही. म्हणून पहिल्या दिवशी राजीनामा देऊ नये, कर्ज तर मुळीच काढू नये. संध्याकाळचे दोन तास आणि रविवार पुरेसे आहेत. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. केवळ सेवा देणाऱ्या व्यवसायाला महाराष्ट्रात साधारणपणे वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तरी एकदा जाणकाराला विचारावे.

फुकट वापरणारे शंभर जण कौतुक करतील. पण खिशातून पैसे देऊन दुसऱ्या महिन्यातही टिकणारे तीन ग्राहक मिळाले, तर व्यवसाय सुरू झाला असे समजावे. ते मिळाले नाहीत, तरी सहा महिन्यांत शिकलेले काम नोकरीतही उपयोगी पडते. कोड एआय लिहील, पण लोकांचा त्रास ऐकून घेणे, चूक झाली तर फोन उचलणे आणि दिलेला शब्द पाळणे हे आपल्यालाच करावे लागेल. त्याची तयारी असेल, तर या रविवारी पहिल्या अभ्यासिकेत जाऊन या.