प्राणवायूने हिरावलेली दृष्टी

१९४२ साली बॉस्टन येथील नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एका अपरिचित नेत्रविकाराची नोंद वैद्यकाच्या दप्तरी केली, तेव्हा अकाली जन्मलेल्या काही अर्भकांच्या डोळ्यांत भिंगाच्या पाठीमागे पांढुरका पडदा धरतो आणि मूल कायमचे आंधळे होते, याहून फारसे काही सांगणे त्यांनाही शक्य नव्हते. पुढील दहा-बारा वर्षांत या विकाराने हजारो बालकांची दृष्टी नेली. आणि विस्मयाची गोष्ट ही, की जेथे इस्पितळे अद्ययावत, साधनसामग्री मुबलक आणि शुश्रूषा उत्तम, तेथेच त्याचा उपद्रव अधिक होता. कोणी जीवनसत्त्वांना दोष दिला, कोणी प्रकाशाला, कोणी लोहाला.

वॉशिंग्टनच्या गॅलिंजर म्युनिसिपल इस्पितळात उमेदवारी करणारे आर्नल पॅट्झ यांच्या मनात मात्र निराळाच संशय बळावत चालला होता. १९२० साली जॉर्जिया प्रांतातील एल्बर्टन या लहानशा गावी जन्मलेल्या या तरुण डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ज्या मुलांचे डोळे गेले, ती बहुतेक काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे भरपूर प्राणवायूवर ठेवलेली होती. जो उपचार मुलांना तारतो असे सारे मानत होते, तोच त्यांचे डोळे घेत असेल काय? लेरॉय होएक या बालरोगतज्ज्ञांच्या साथीने त्यांनी प्रयोग योजला: काही अर्भकांना प्रचलित रीतीप्रमाणे प्राणवायू सढळ हाताने द्यायचा, आणि इतरांना प्रकृतीला खरोखर गरज पडेल तेव्हाच, तोही बेताने. खर्चासाठी सरकारी संशोधन संस्थेकडे केलेला अर्ज नामंजूर झाला, कारण प्राणवायू कमी केल्यास मुले दगावतील असे परीक्षकांचे मत पडले. तेव्हा पॅट्झ यांनी सख्ख्या भावाकडून उसने पैसे घेऊन काम सुरू केले.

या प्रयोगातील सर्वांत मोठी अडचण पैशाची नव्हती. पेटीच्या काचेआड जेमतेम दीड किलोचे, बरगड्या ओढून श्वास घेणारे मूल, आणि त्याच्यावर रात्रभर नजर ठेवून असलेली परिचारिका. डॉक्टरांनी प्राणवायू कमी ठेवण्याचा हुकूम केलेला, पण हे लेकरू आपल्या डोळ्यांदेखत गुदमरेल या धास्तीने काही परिचारिका रात्री कोणी नसताना प्राणवायूची चावी हळूच वाढवीत. मला त्यांना दोष देववत नाही. त्यांच्या जागी असलेल्या कोणत्याही मायाळू माणसाचा हात त्या चावीकडे गेला असता. आणि ज्या ममतेने तो हात पुढे होत होता, तीच त्या मुलाच्या दृष्टीच्या मुळावर येत होती.

१९५२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी पॅट्झ यांचा संशय खरा ठरविला, आणि १९५३-५४ मध्ये अठरा इस्पितळांनी मिळून केलेल्या पाहणीने शंकेस जागा ठेवली नाही. लंडनच्या नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी मांजरीच्या पिलांवर आणि स्वतः पॅट्झ यांनीही नवजात प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून यामागील कारणमीमांसा उलगडली. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या मज्जातंतूपासून कडेकडे वाढत जातात आणि पूर्ण दिवस भरतात त्या सुमारास कडेपर्यंत पोचतात. अकाली जन्मलेल्या मुलात ही वाढ अर्धवटच असते, अतिरिक्त प्राणवायूने ती खुंटते, आणि मूल साध्या हवेत आणले, की भुकेलेले दृष्टिपटल जणू रक्तासाठी टाहो फोडते व त्या हाकेला ठिसूळ, वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या धावून येतात. त्या फुटतात, त्यांचे व्रण आकसतात आणि दृष्टिपटल जागेवरून ओढले जाते.

१९५६ साली पॅट्झ यांना लास्कर पारितोषिक मिळाले. परंतु पुढची हकिगत गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल: प्राणवायूवर सरसकट कडक मर्यादा घातली गेली, आंधळेपणा झपाट्याने ओसरला, आणि ज्यांची फुप्फुसे खरोखर दुबळी होती अशी काही अर्भके प्राणवायूअभावी दगावली. रक्तातील प्राणवायू क्षणोक्षणी मोजण्याची साधने हाती आली, तेव्हाच कोणाला किती द्यावा, हा हिशेब काहीसा सुटला.

पॅट्झ स्वतः मात्र तेथे थांबले नाहीत. मधुमेह्यांच्या दृष्टिपटलावर उगवणाऱ्या नव्या वाहिन्यांचे मूळही अशाच उपासमारीत असते, हे ओळखून त्यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील अभियंत्यांसह आर्गॉन लेसरचे यंत्र सिद्ध करण्यास हातभार लावला. १९७९ ते १९८९ या काळात तेथील विल्मर नेत्रसंस्थेची धुराही त्यांनी वाहिली. नव्या वाहिन्यांना बोलावणारे रासायनिक द्रव्य पुढे इतरांनी हुडकले आणि त्याला अटकाव करणारी इंजेक्शने आज डोळ्यात दिली जातात. २०१० साली पॅट्झ यांचे निधन झाले.

आपल्या देशात नवजात अर्भकांचे अतिदक्षता विभाग आता तालुक्याच्या गावीही उघडू लागले आहेत, तेव्हा अकाली जन्मलेल्या मुलांचा हा नेत्रविकार पूर्वीपेक्षा आपल्या जवळ आला आहे. ज्या बाळाचे जन्मवेळचे वजन दोन किलोंहून कमी, किंवा जे चौतीस आठवडे भरण्याआधी जन्मले, त्याचे दृष्टिपटल जन्मापासून तीस दिवसांच्या आत तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे, असा येथील वैद्यकाचा दंडक आहे. फारच लहान बाळांसाठी ही मुदत याहूनही अलीकडची आहे. बाळ पेटीतून बाहेर आले, घरी आणले, दूध ओढू लागले म्हणून ही तपासणी लांबणीवर टाकू नये, कारण बाहेरून पाहणाऱ्या आईबापांना या दिवसांत डोळ्यांत काहीच वावगे दिसत नाही, आणि या विकारावरील लेसर-उपचाराचा उपयोग नेमका याच दिवसांत होतो.