धुक्यातली एसटी

रत्नागिरीत थंडी कडक नसते, पण पहाटेचे धुके दाट असते. दिवसभर तापलेली जमीन निरभ्र रात्री लवकर निवते आणि काजळी, वाशिष्ठी, जगबुडी या नद्यांच्या खोऱ्यांत बाष्पाचे धुके होते. कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट आणि कराडकडे चढणारा कुंभार्ली घाट पार करताना एसटीच्या चालकाचा खरा कस लागतो.

सर्वांत आधी धुके गाठते ते वस्तीच्या गाडीला. ही गाडी रात्री गावातच मुक्काम करते आणि उजाडण्यापूर्वी शाळकरी मुले, बाजारकरी यांना घेऊन निघते. सुटण्याआधी चालकाने काच आतून-बाहेरून पुसावी, वायपर आणि दिवे पाहावेत. एअर ब्रेकच्या टाकीत साचलेले पाणी काढणेही तितकेच महत्त्वाचे, कारण ते साचत गेले तर झडपा गंजतात आणि ब्रेकवर भरवसा राहत नाही. धुक्यात हेडलाइटचा अप्पर नको, डिपरच हवा. थेंबांवरून परतलेला प्रकाश चालकाच्याच डोळ्यांवर येतो. घाटात उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये असावी, न्यूट्रलमध्ये कधीच नाही.

रस्त्याची खबर कर्मचाऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. आगारातला सूचना फलक, वाहतूक नियंत्रक आणि आता मोबाइल ही त्याची साधने. तरी घाटातून नुकत्याच आलेल्या चालकाने निघणाऱ्याला दिलेली माहिती सर्वांत ताजी असते. उशीर झाला तरी वेग वाढवू नये, हे मात्र वरिष्ठांनीच स्पष्ट सांगायला हवे.